एकदाच उमटलेले अक्षर
(प्रस्तावना)

स्लाव लोकांच्या लेखनाला साडेअकराशे वर्षांची परंपरा आहे. या परंपरेतल्या हस्तलिखितांत एक अक्षर असे आहे, की ते एकाच पोथीत आणि एकाच शब्दात आढळते. पोथी आहे स्तोत्रसंहितेची, सुमारे १४२९ साली नकललेली. मॉस्कोच्या रशियन राज्य ग्रंथालयात, ट्रिनिटी-सेर्गियस मठाच्या संग्रहात ती आज जपलेली आहे. या पोथीत सराफीम नावाच्या देवदूतांचा उल्लेख येतो आणि त्यांना 'अनेक डोळ्यांचे' असे विशेषण लावलेले आहे. त्या विशेषणातला 'ओ' लेखनिकाने साधा गोल काढला नाही. एकमेकांना चिकटलेल्या गोलांचा त्याने घोस काढला आणि प्रत्येक गोलात एकेक ठिपका ठेवला. आपण तो शब्द वाचत असतो, तेव्हा तो शब्दही आपल्याकडे पाहत असतो.

या अक्षराला २००८ साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणात, स्वतंत्र जागा मिळाली. त्याचा संकेतांक षोडशमान पद्धतीत ए६६ई, म्हणजे आपल्या नेहमीच्या मोजणीने ४२६०६. त्याचे अधिकृत नाव 'सिरिलिक लेटर मल्टिऑक्युलर ओ'. या पुस्तिकेत त्याला 'बहुनेत्री ओ' म्हटले आहे.

एकदाच लिहिल्या गेलेल्या अक्षराला कायमची जागा कशासाठी, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहीलच. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुढची सगळी पाने त्याच प्रश्नाच्या मागे आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला ते तपासत पुढे जाता येईल. अक्षराला संकेतांक दिला म्हणजे त्याचा गौरव झाला, असे समजण्याचे कारण नाही. कोणता फरक अक्षराचा मानायचा आणि कोणता नुसत्या वळणाचा, याचा तो निवाडा असतो. असा प्रत्येक निवाडा काहीतरी राखतो आणि काहीतरी तोडतो. शिवाय एकदा दिला की तो मागे घेता येत नाही. म्हणून तो किती वापर आहे यापेक्षा पुरावा किती पक्का आहे, यावर व्हायला हवा.

हे नीट समजायला सुरुवात बरीच मागून करावी लागते. इ.स. ८६३च्या सुमारास मोराव्हियाचा राजा रास्तिस्लाव याच्या विनंतीवरून बायझंटाइन सम्राट तिसरा मायकेल याने थेस्सलोनिकीच्या दोन भावांना तिकडे पाठवले. थोरला मेथोडियस, धाकटा कॉन्स्टंटाइन. हा कॉन्स्टंटाइनच पुढे संन्यास घेऊन सिरिल झाला आणि ८६९ साली रोममध्ये वारला. स्लाव लोकांना त्यांच्याच भाषेत धर्मग्रंथ मिळावेत म्हणून त्याने जी लिपी रचली, ती आज आपण सिरिलिक म्हणतो ती नव्हे. ती ग्लागोलिती. गोल, त्रिकोण आणि वेटोळी यांनी भरलेली ही लिपी कोणत्याही शेजारच्या लिपीसारखी सहजी दिसत नाही. मेथोडियस ८८५ साली गेला आणि त्याच्या शिष्यांना मोराव्हियातून बाहेर काढण्यात आले. त्यांतले बरेच बल्गेरियात पोहोचले. तिथे, नवव्या शतकाच्या अखेरीस आणि दहाव्याच्या आरंभी, ग्रीक ग्रंथाक्षरांच्या वळणावर बेतलेली दुसरी लिपी रुळली. गुरूच्या नावावरून तिला सिरिलिक म्हणू लागले.

दोन्ही लिप्या काही काळ शेजारी शेजारी नांदल्या. ग्लागोलिती क्रोएशियात सर्वांत जास्त टिकली. क्रक बेटावरचा इ.स. ११००च्या सुमाराचा बाश्का शिलालेख आणि १४८३ साली छापलेले ग्लागोलिती उपासनापुस्तक ही तिची ठळक चिन्हे होत. २०२३ साली क्रोएशियाने युरो स्वीकारला, तेव्हा एक, दोन आणि पाच सेंटच्या नाण्यांवर देशाच्या नावाची आद्याक्षरे याच लिपीत कोरली. सिरिलिक मात्र पूर्वेकडे पसरत गेली. ९८८ साली कीवच्या व्लादिमिरने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि रूसच्या प्रदेशात लिहिणे म्हणजे सिरिलिकमध्ये लिहिणे, असे समीकरण झाले. १०५६-५७ साली लिहिलेले ओस्त्रोमिर शुभवर्तमान आजही पाहता येते. त्यातले प्रत्येक अक्षर सुटे, उभे आणि मोजूनमापून काढलेले आहे.

बहुनेत्री ओ या शिस्तीतून आला नाही. तो आला नंतरच्या, जरा हौशी काळातून. चौदाव्या शतकाच्या अखेरीस आणि पंधराव्यात बाल्कन प्रदेशावर ऑटोमन सत्तेचा दाब वाढत होता. त्याच काळात बल्गेरिया, सर्बिया आणि अॅथोसच्या मठांकडून पोथ्या आणि लेखनाच्या रीती उत्तरेला रूसमध्ये येत होत्या. अभ्यासक याला 'दुसरा दक्षिण स्लाव प्रभाव' म्हणतात. वापरातून गेलेली जुनी अक्षरे या काळात परत आली, शीर्षकांत अक्षरे एकमेकांत गुंफली जाऊ लागली आणि पानाच्या देखणेपणाला भाव आला. आंद्रेई रुब्ल्योव्ह ट्रिनिटी मठाचे चर्च रंगवत होता तो काळही हाच, १४२०चे दशक. मजकूर डोळ्यांनाही सुखवणारा असावा, ही त्या पिढीची जाण होती. बहुनेत्री ओ त्या जाणिवेचे टोक आहे.

तो एकटाही नाही. डोळ्याला जुन्या स्लावमध्ये 'ओको' म्हणत. या शब्दाच्या पहिल्याच अक्षराच्या पोटात ठिपका ठेवला की त्याचा डोळा होतो. हा झाला एकनेत्री ओ. जुन्या स्लावमध्ये संस्कृतासारखे द्विवचन होते. दोन डोळ्यांसाठीचे 'ओची' हे रूप लिहिताना काही लेखनिक एकाच ओमध्ये दोन ठिपके ठेवत, तर काही ठिपक्यांचे दोन ओ जोडून काढत. 'ओक्रेस्त', म्हणजे 'सभोवती', या शब्दात क्रूसाचा उच्चार दडलेला आहे. तिथे ओच्या पोटात क्रूस येई. बहुनेत्री ओ हा या कुळातला सर्वांत अतिरंजित भाऊ. यशयाच्या ग्रंथातले सराफीम सहा पंखांचे आहेत, यहेज्केलच्या दर्शनातली चाके डोळ्यांनी भरलेली आहेत आणि पूर्वेकडच्या चर्चच्या उपासनेत देवदूतांना सहा पंखांचे व अनेक डोळ्यांचे म्हटले जाते. ही विशेषणे लेखनिकाच्या रोजच्या कानावरची होती. त्याने ती काढून दाखवली, इतकेच. शब्द बदलला नाही, उच्चार बदलला नाही, अर्थही बदलला नाही. संकेतनाचा वाद नेमका इथूनच सुरू होतो.

त्या वादाआधी मधल्या पाच शतकांबद्दल थोडक्यात. १७०८ साली पीटर द ग्रेटने लौकिक छपाईसाठी सुटसुटीत सिरिलिक आणली. जुनी वळणे चर्चच्या पुस्तकांपुरती उरली. १९१८च्या सुधारणेने आणखी काही अक्षरे गेली आणि आजची रशियन वर्णमाला ३३ अक्षरांवर स्थिरावली. संगणक आले, तेव्हा त्यांनी हीच अक्षरे उचलली. सोव्हिएत काळातल्या कोइ-८ या संकेतनाची एक हुशारी होती. आठवा बिट गळाला तरी मजकूर रोमन अक्षरांत, कसाबसा का होईना, वाचता येई. तरीही एका पद्धतीतला मजकूर दुसऱ्या पद्धतीत उघडला की पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग लागे. रशियनांनी तिला 'क्राकोझ्याब्री' असे नाव ठेवले. फॉन्ट नसल्यामुळे अगम्य झालेली मराठी फाइल ज्यांनी एकदा तरी उघडली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पण या संकेतनांत पंधराव्या शतकातल्या पोथीला वाव नव्हता. जुन्या पोथीचे संपादन करणारा अभ्यासक आपापला फॉन्ट बनवी आणि दुसऱ्या अभ्यासकाच्या संगणकावर तो मजकूर निरुपयोगी ठरे.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. प्रत्येक अक्षराला एकच पत्ता आणि तो जगभर तोच, ही तिची मूळ कल्पना. तिच्या मुळाशी एक भेद आहे, तो वाचकाने मनात पक्का धरावा. युनिकोड अक्षराला पत्ता देते, वळणाला देत नाही. मराठीतला 'ल' आणि हिंदी छपाईतला 'ल' वेगळे दिसतात, तरी दोघांचा संकेतांक एकच. कसे दिसायचे ते फॉन्ट ठरवतो. या नियमाने पाहिले, तर बहुनेत्री ओ हा ओच आहे, केवळ नटवलेला. मग त्याला वेगळा पत्ता का द्यावा?

२००७ साली मायकेल एव्हर्सन, डेव्हिड बर्नबाउम, राल्फ क्लेमिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या सिरिलिकमधल्या अनेक चिन्हांसाठी एक प्रस्ताव मांडला. अक्षरांच्या डोक्यावर बसणारी छोटी अक्षरे, लुप्त झालेली रूपे आणि डोळ्यांच्या ओचे हे सारे कुळ त्यात होते. त्यामागचा विचार संपादकाचा होता. ज्याला पोथी जशी आहे तशी उतरवायची आहे, त्याला साधा ओ आणि डोळ्यांचा ओ यांतला फरक साध्या मजकुरातही टिकवता आला पाहिजे. फॉन्ट बदलला की फरक नाहीसा होणार असेल, तर ती नक्कल नक्कल राहत नाही. एप्रिल २००८मध्ये आलेल्या ५.१ या आवृत्तीत ही अक्षरे दाखल झाली. त्या एका आवृत्तीत १६२४ नवी चिन्हे होती. बहुनेत्री ओ त्यांतले एक.

जागा वाया गेली, हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तोच सर्वांत कच्चा आहे. युनिकोडमध्ये ११,१४,११२ पत्ते बसतात. २०२२च्या १५.० आवृत्तीपर्यंत नेमलेली चिन्हे १,४९,१८६ होती. जागेची टंचाई कुठेच नाही. खरी किंमत दुसरीकडे मोजावी लागते. बहुनेत्री ओ वापरून उतरवलेला शब्द साध्या ओने शोधला, तर सापडत नाही. युनिकोडच्या लेखी ही दोन स्वतंत्र अक्षरे आहेत आणि त्यांना समान मानणारा कोणताही नियम प्रमाणात नाही. लेखनिकाची गंमत जपली गेली, पण तो शब्द आपल्याच भावंडांपासून तुटला. तो पुन्हा जोडायचा, तर शोधयंत्रात किंवा कोशात वेगळी सोय करावी लागते. ही किंमत मोजण्याजोगी आहे असे मला वाटते. मात्र ती आहे हे मान्य करूनच.

आता या अक्षराच्या चरित्रातली सर्वांत बोलकी घटना. युनिकोडच्या २००८च्या अक्षरतक्त्यात बहुनेत्री ओ सात डोळ्यांचा छापला गेला. फॉन्ट करणाऱ्यांनी तक्ता समोर ठेवून सात डोळे काढले आणि जगभर ते सातच समजले गेले. २०२०च्या सुमारास समाजमाध्यमांवर या अक्षराची चर्चा रंगली, लोकांनी मूळ पोथीच्या पानाचे छायाचित्र शोधून काढले आणि डोळे मोजले. ते दहा निघाले. २०२२च्या आरंभी एव्हर्सन यांनी स्वतःच दुरुस्तीचा प्रस्ताव मांडला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या १५.० आवृत्तीत तक्त्यातले चित्र दहा डोळ्यांचे झाले.

ही दुरुस्ती होऊ शकली, कारण ती वळणाची होती. युनिकोडमध्ये एकदा दिलेला संकेतांक काढून घेतला जात नाही, हलवला जात नाही आणि नावही बदलले जात नाही. एका कंसाच्या नावात 'ब्रॅकेट' या शब्दाच्या स्पेलिंगची अक्षरे उलटसुलट पडली आहेत. ती चूक आजही अधिकृत नावात तशीच आहे, फक्त शेजारी सुधारित पर्यायी नाव जोडले गेले. तक्त्यातले चित्र मात्र केवळ नमुन्यादाखल असते, म्हणून ते सुधारता येते. बहुनेत्री ओच्या नावात 'अनेक' होते, 'सात' नव्हते, हेही नशीबच. ज्या फॉन्टांनी हा बदल उचलला नाही, त्यांत अजून सातच डोळे दिसतात. एकच पत्ता एका पडद्यावर सात डोळ्यांनी पाहतो आणि दुसऱ्यावर दहा.

यातून काही जण असा निष्कर्ष काढतात, की अक्षराला जागा देणेच चुकले. मला तो पटत नाही. जागा दिली नसती, तर त्या पानापर्यंत कुणी पोहोचलेच नसते. चूक झाली ती पुरावा पाहण्यात. एकाच पानावर असलेल्या अक्षराचे डोळे मोजायचे, तर तेच पान पाहायला हवे. ते पान सुमारे बारा वर्षांनी पाहिले गेले. हजारो वेळा लिहिल्या गेलेल्या अक्षरात अशी चूक लपून राहिली नसती. म्हणजे अक्षर जितके दुर्मीळ, तितका पुरावा जवळून पाहावा लागतो, हा इथला धडा आहे.

हा सारा दूरदेशीचा मामला आहे असे मराठी वाचकाने समजू नये. ज्या ५.१ आवृत्तीत बहुनेत्री ओ आला, त्याच आवृत्तीत देवनागरीतला 'ॲ' आला, संकेतांक ०९७२. जगात एकदाच लिहिलेले अक्षर आणि 'ॲसिड', 'ॲम्ब्युलन्स' असे शब्द रोज लिहिणाऱ्या मराठी माणसाचे अक्षर, दोन्ही एकाच दिवशी दाखल झाली. त्याआधी आपण 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवत होतो. अनेक जण अजूनही तसेच करतात आणि वर एके ठिकाणी मीही तसेच लिहिले आहे. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. संगणकाला ती वेगळी आहेत. एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला, की सापडेलच याची खात्री नाही. नवा पत्ता मिळाला की काय राखले जाते आणि काय तुटते, याचा अनुभव असा आपल्याच घरात आहे. उलट, 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक नवे अक्षर न देता, आधीपासून असलेल्या 'ऱ'च्या आधाराने राखला गेला. फरक जपायचा म्हणजे दर वेळी नवा पत्ता हवाच असे नाही.

मोडीची गोष्ट याहून जवळची. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावावरून २०१४च्या ७.० आवृत्तीत मोडी युनिकोडमध्ये आली. त्याच आवृत्तीत क्रूसाचा सिरिलिक ओही आला. मोडी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा फरक सहसा पाळला जात नाही. तरी संकेतनात इकार आणि उकार दोन्ही प्रकारचे आहेत. हाही निवाडाच आहे आणि त्याचे परिणाम मोडी कागद उतरवणाऱ्या प्रत्येकाला भोगावे लागतील. शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन मोडीची वळणे वेगवेगळी. जोडाक्षरांची आणि संक्षेपांची रूपे तर लेखनिकागणिक बदलतात. यांतले अक्षर कोणते आणि वळण कोणते, हा प्रश्न पुढेही येत राहणार आहे.

आता पुस्तिकेच्या रचनेविषयी. पहिला भाग पोथीचा आणि तिच्या काळाचा आहे. स्लाव इतिहासाची पूर्वओळख नसलेल्या वाचकाने तो वगळू नये, कारण लेखनिकाची गंमत त्या पार्श्वभूमीवरच कळते. दुसरा भाग संकेतनाचा आहे. त्यात थोडी तांत्रिक माहिती आली आहे, पण षोडशमान अंक वाचता येत नसले तरी काही अडत नाही. तिसऱ्या भागात सात आणि दहा डोळ्यांचा वाद दोन्ही बाजूंनी मांडला आहे. माझ्या मताशी असहमत असलेल्या वाचकाला तिथे भरपूर दारूगोळा सापडेल.

शेवटी एक विनंती, विशेषतः ज्यांच्या घरी, देवस्थानात किंवा गावच्या संग्रहात जुने मोडी कागद आहेत त्यांना. कागदावर एखादे अनोळखी वळण दिसले, तर ते वहीत पुन्हा काढून ठेवण्यावर थांबू नका. अख्ख्या पानाचे स्वच्छ छायाचित्र घ्या, कागदाचे साल आणि ठिकाण सोबत लिहून ठेवा आणि मोडीच्या जाणकाराला दाखवा. संकेतांक पुढे कधीही देता येईल. ज्या पानावरून तो द्यायचा, ते पान मात्र आजच जपले पाहिजे.